गुरुवारचे फोन

टेनी फोर्क, ४ फेब्रुवारी २०१९

ट्वायला,

फोन तू उचलत नाहीस. दोनदा केला, दोन्ही वेळा तुझ्या यंत्राने मला निरोप ठेवायला सांगितलं. यंत्राशी बोलायची मला सवय नाही, म्हणून हा कागद. अक्षर बघूनच फेकून देणार असलीस तर निदान खालचा प्रश्न वाच आणि मग खुशाल फेक.

मला नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. हो, मलाच. हसून घे. एकोणीस वर्षं डॉक्टर सांगतील ते टोचलं, आपल्या दवाखान्यातल्या प्रॅक्टिशनर ओपलबाई लिहितील ते दिलं. आता स्वतः तपासायचं, स्वतः औषध लिहायचं, असं मनाने घेतलंय. रँडल म्हणतो, "या वयात लोक गुडघे बदलून घेतात, माझी बायको शाळेत चाललीय." पण त्यानेच जेवणाच्या टेबलावर माझ्या पुस्तकांसाठी कोपरा करून दिला. नवरा म्हणून वाईट नाही तो.

प्रश्न असा. मास्टर्स करू की डॉक्टरेट? मास्टर्सला माझा नंबर लागलाय. दोन वर्षं, अभ्यास घरी बसून संगणकावर, आणि सहाशे तास कुणा मुरलेल्या प्रॅक्टिशनरच्या हाताखाली पेशंट तपासायचे. ती शिकवणारी आपली आपण शोधायची, कॉलेज हात वर करतं. पोरी म्हणे अनोळखी दवाखान्यांना चारशे-चारशे पत्रं लिहितात, पाया पडतात. मला ती गरज नाही, ओपलबाई हो म्हणाल्यात. डॉक्टरेट म्हणजे चार वर्षं, हजार तास, महिन्यातून तीन दिवस तुझ्या कोलंबस शहरात हजेरी, आणि शेवटी एक प्रकल्प. तिथे मुलाखतीला बोलावलंय, अठ्ठावीस तारखेला. परीक्षा दोन्हीकडे तीच, परवानाही तोच. मग वरची दोन वर्षं कशाची, हे मला कुणी धड सांगत नाही. तू डॉक्टरेटवाली, पोरींना शिकवतेस. तुला नाही विचारायचं तर कुणाला, आगीच्या बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये पत्ते कुटणाऱ्यांना?

घाईचं कारण सांगते. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेने लेखी कळवलंय की ओपलबाईंच्या जागी कुणी मिळालं नाही तर त्या निवृत्त होतील त्या दिवशी दाराला कुलूप. पुढचा दवाखाना डोंगर ओलांडून बावन्न मैल. ओपलबाई एकाहत्तरच्या झाल्या. दोन वर्षं त्या सहज काढतील. तब्येत ठणठणीत आहे. नावं विसरतात थोडी, पण ती मीही विसरते.

हे पत्र म्हणजे माफी समजू नकोस. तू आईची नर्सिंग बोर्डाकडे तक्रार केलीस, तिचा नर्सचा परवाना गेला, आणि दीड वर्षात ती गेली. तिच्या अंत्यविधीला चर्चच्या दारात मी तुला जे बोलले ते मी परत घेत नाही. मला फक्त सल्ला हवाय.

ड्रीमा


१९ फेब्रुवारी

ट्वायला,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी बहीण लिहिते ते तीन ओळी! "डॉक्टरेट कर. पुढे सगळीकडे तीच मागतील. ओपल कशा आहेत?" टपालाचं तिकीट तुझ्या मजकुरापेक्षा मोठं होतं.

पुढे सगळीकडे मागतील, मान्य. इथे कोण मागणार? इथले लोक घसा दुखला की दवाखान्यात येतात आणि "ती आत आहे का?" एवढंच विचारतात. ती म्हणजे ओपलबाई. त्यांच्या नावापुढे मास्टर्स आहे की आणखी काय, ते त्यांच्या भिंतीवरच्या चौकटीत धूळ खातंय, कुणी वाचलेलं नाही. तू आपली उंटावरून शेळ्या हाक.

खरं सांगू? डॉक्टरेट मलाही हवी आहे, आणि कारण चांगलं नाही. त्या मोठ्या हॉस्पिटलला मी फोन करते ना, आमच्या पेशंटबद्दल, तर पलीकडचं पोरगं म्हणतं, "तुमच्याकडे कुणी डॉक्टर आहे का?" मला एकदा म्हणायचंय, "बोलतेय." आणि दुसरं कारण तू. घरात एकच डॉक्टरीण का असावी?

पण ओपलबाई कशा आहेत, हे तू का विचारलंस? कुणी काही बोललं का तुझ्याशी? तुला कसं कळणार म्हणा, इथलं कुणी तुला पत्र घालत नाही. तर ऐक, बऱ्या आहेत. एकदा काय झालं तेवढं सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यात भलतं नको.

गुरुवार आमच्याकडे रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यावाल्यांचा. बोटातून थेंब घ्यायचा, आकडा बघायचा, दोन ते तीनमध्ये असला तर बरं, कमी-जास्त असला तर गोळी बदलायची. आकडे आणि मिलिग्रॅम लोकांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं रंगावर चालतं. हिरवी अडीचची, पीचच्या रंगाची पाचची, पिवळी साडेसातची. ओपलबाई कागदावर रंग लिहून देतात आणि लोक तो कागद फ्रिजला चिकटवतात. नोव्हेंबरात त्यांनी ल्यूला म्हातारीला हिरवीच्या जागी पीच लिहिली. मी कागदांच्या प्रती लावताना बघितलं, संध्याकाळी फोन करून सांगितलं, "ल्यूलाबाई, हिरवीच घ्या, मी चुकून दुसरा कागद दिला." संपलं. बिचारीने मलाच भोपळ्याचा केक पाठवला.

एकदाच झालं हे. एकदा कुणाचंही होतं.

ड्रीमा


१ मार्च

ट्वायला,

काल मी तुझ्या शहरात होते. मुलाखत झाली, रात्री मोटेलात राहिले, आज दुपारी गावात परत आले. तुझ्या घरासमोरून दोनदा गाडी नेली. दिवा लागला होता. तू खिडकीशी उभी राहून काहीतरी खात होतीस, उभ्यानेच, लहानपणी खायचीस तसं. मी थांबले नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाई साठीच्या, बारीक केस, आवाज असा की खोटं बोलायची सोय नाही. मी बोलले तरी. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं जास्तीची कशाला, असं तुमच्या अर्जात तुम्हीच विचारलंय. उत्तर सांगते. मास्टर्समध्ये तुम्ही समोरचा पेशंट बघायला शिकता. डॉक्टरेटमध्ये तुम्हाला तुमच्या कामाच्या जागेत नेमकं कुठे बिघडतंय ते शोधून, सगळ्यांसमोर मांडून, दुरुस्त करावं लागतं. तोच तुमचा प्रकल्प. तर सांगा, तुमच्या दवाखान्यात काय बिघडलंय?"

मी म्हणाले, "लोक फ्लूची लस घ्यायला येत नाहीत."

त्यांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच."

बाहेर आल्यावर वाटलं, जमलं. गाडीत गाणी म्हणत आले मी, ट्वायला. आजचे दवाखान्याचे तीन तास कुणीकडे गेले कळलं नाही, टेबलावर कागदांचा ढीग होता तो तसाच ठेवून घरी आले. रँडलने बीन्स आणि कॉर्नब्रेड करून ठेवलं होतं. "काय डॉक्टरीणबाई?" म्हणाला. फार बरं वाटलं.

दोन्हींना उत्तर द्यायची मुदत पंधरा एप्रिल आहे.

ड्रीमा


१४ मार्च

ट्वायला,

एस्टिल हेगर आठवतो? आपला शाळेच्या बसवाला. तू पहिलीत ओकलीस तेव्हा स्वतःची टोपी पुढे धरली होती, तो. मंगळवारी सकाळी तो अंगणात पडला. डोक्यात रक्तस्राव. बॉल फील्डवर हेलिकॉप्टर उतरवून नेला. जिवंत आहे. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

मी त्याचा फ्रिजवरचा कागद पाहिला. मंगळवारी दुपारी त्यांच्या घरी गेले, त्याच्या बायकोला, ज्युएलला, हॉस्पिटलात न्यायचे कपडे भरून द्यायला, आणि स्वयंपाकघरात तो समोरच होता. तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. ओपलबाईंचं अक्षर. रोज एक पिवळी. एस्टिल वर्षानुवर्षं हिरवीवर होता, आकडाही त्या दिवशी ठीकच होता. हिरवीच्या तिप्पट, ट्वायला, बारा दिवस. पिवळी मेडिकलवाल्याकडे घ्यायला गेला असता तर त्याने तरी हटकलं असतं. पण तुला आपली माणसं माहीत आहेत. औषधाची बाटली उरली तर कोण फेकतं? त्यांच्या कपाटात सगळ्या रंगांच्या होत्या. पिवळी मागे कधीतरी ज्युएलच्या भावाची उरलेली.

अठ्ठावीस फेब्रुवारी, गुरुवार. मी तुझ्या शहरात त्या बाईंना सांगत होते की आमच्याकडे बाकी सगळं ठीक आहे.

मी तुला लिहिलं होतं एकदाच झालं. ते खोटं. नोव्हेंबरपासून जवळजवळ दर गुरुवारी. कधी रंग, कधी किती दिवसांनी यायचं ते, एकदा तर माणूसच दुसरा. मी त्या त्या संध्याकाळी सगळे कागद तपासायचे, जुन्या नोंदी बघायचे, आणि फोन करायचे. "माझी चूक झाली, हिरवीच घ्या." स्वतःच्या मनाने डोस बदलायचा मला अधिकार नाही, ते मला ठाऊक होतं. पण तो बदल नव्हता ना, आधीचंच परत सांगणं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात दोन वर्षं आणि सहाशे तास होते. ओपलबाई गेल्या तर मला शिकवणार कोण, सही कोण करणार, दवाखाना कोण उघडणार?

आणि शुक्रवारी तो ढीग मी बघितला नाही. गाणी म्हणत होते मी.

ड्रीमा


१८ मार्च

ट्वायला,

काल ज्युएल आली होती. कपडे बदलायला घरी आली आणि तशीच माझ्याकडे. मी दार उघडलं आणि मनाशी म्हटलं, आता ही मला मारेल, तर मार खायचा. तिने मारलं नाही. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर.

म्हणाली, "ड्रीमा, मला तो कागद विचित्रच वाटला होता गं. पिवळी कशी, म्हटलं. एस्टिल म्हणाला, थांब, काही चुकलं असलं तर ड्रीमाचा फोन येईल. ती दर गुरुवारी फोन करते. आम्ही जेवून फोनजवळ बसलो. नऊ वाजले. फोन आला नाही. तेव्हा तो म्हणाला, बघ, म्हणजे बरोबर आहे. आणि त्याने गोळी घेतली."

मग म्हणाली, "तू आजारी होतीस का त्या दिवशी?"

मी नाही म्हणाले. तिने माझा हात थोपटला, माझा, आणि गेली.

आज सकाळी आठ वाजता मी बोर्डाला फोन केला. आधी ओपलबाईंचं सांगितलं, मग स्वतःचं. फोनवरची बाई म्हणाली, "तुम्ही स्वतःविरुद्धही तक्रार नोंदवताय का?" मी म्हणाले, हो, आडनावाचं स्पेलिंग सांगू का? मग मास्टर्सवाल्यांना आणि त्या बारीक केसांच्या बाईंनाही लिहिलं. फ्लूचं खोटं होतं, खरं हे आहे.

आता तुला सांगायचं राहिलंय ते लिहिते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

आईचे डोळे २०१० पासूनच अधू झाले होते. मला माहीत होतं. मी त्याच वृद्धाश्रमात तिच्या पाळीला काम करायचे, आठवतं ना? औषधांच्या गाडीवरच्या बाटल्यांची नावं मी तिला वाचून दाखवायचे. हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. दोन वर्षं. माझी सुट्टी असली की ती रंगावर आणि आकारावर चालवायची. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू आलीस, तिसऱ्या दिवशी तिला डबा द्यायला गेलीस, आणि ती कुणा भलत्याच म्हातारीला भलत्याच गोळ्या देताना तू बघितलीस. तुला तीन दिवस लागले. मला दोन वर्षांत दिसलं नाही असं तुला वाटलं असेल तर तसं नव्हतं. तू मला त्या रात्री अंगणात विचारलंस, "तुला काहीच ठाऊक नव्हतं?" आणि मी तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून नाही म्हणाले. मग तू एकटीनेच फोन केलास, आणि सगळ्या गावाचा राग एकटीनेच घेतलास. चर्चच्या दारात मी तुला आईची मारेकरीण म्हणाले. पुढच्या बाकावर बसू दिलं नाही. तू मागे उभी राहिलीस, कोट न काढता.

मी वाईट वागले तुझ्याशी. फार वाईट.

ड्रीमा


२८ एप्रिल

ट्वायला,

तुझी चिठ्ठी मिळाली. "वकील केलास का?" एवढीच. आईबद्दल अक्षर नाही, माझ्या माफीबद्दल नाही. मी ती हातात धरून पोर्चवर बसले आणि पोटभर रडले. केलाय वकील. नर्सांचेच खटले चालवतो, अंगाने बारीक, पण तोंड घट्ट आहे.

दवाखाना बंद झाला. एक एप्रिलला कुलूप लागलं, दारावर कागद: बावन्न मैलांवरच्या दवाखान्याचा पत्ता. लोकांना आधी वाटलं एप्रिल फूल केलंय.

काल फायर हॉलमध्ये रॅम्प्सचं, आपल्या रानलसणाचं, गावजेवण होतं. रँडल म्हणाला, नको जाऊया. मी म्हणाले, दरवर्षी बटाटे मी सोलते, यंदाही सोलणार. गेले. मागच्या खोलीत सात जणी रानलसूण निवडत बसल्या होत्या, हसणं-खिदळणं चाललं होतं. मी आत पाय ठेवला आणि गपगार. कुणीतरी माझ्यासाठी सुरी सरकवली, तेवढंच. जेवताना लांब टेबलावर माझ्या आणि रँडलच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. ल्यूला म्हातारी, जिने मला केक पाठवला होता ती, ताट घेऊन आली, बघितलं आणि दुसरीकडे वळली. रँडल मोठ्याने म्हणाला, "बरं झालं, आज सगळ्यांच्या तोंडाला लसणाचा वास मारतोय." तो एकटाच दोनदा वाढून घेऊन जेवला, मुद्दाम.

तुला त्या दिवशी चर्चमध्ये असंच वाटलं असेल ना? नको सांगूस.

ओपलबाईंकडे मी आपणहून गेले. मला वाटलं दार लावून घेतील. त्यांनी कॉफी केली, साखर दोनदा घातली. त्यांनी परवाना स्वतःहून परत केलाय, डॉक्टर म्हणतात स्मरणशक्तीचा आजार, वर्षभरापासून तरी असणार. त्या एवढंच म्हणाल्या, "ड्रीमा, तू मला एकदाही सांगितलं नाहीस."

मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच! चाळीस वर्षं मी या लोकांना टोचतेय, मला वाईट वाटून घ्यायचा अधिकार नाही होय?" मग शांत झाल्या. "मला वाटायचं माझं काही चुकतच नाही. कुणी बोलत नव्हतं ना. तू बोलली असतीस तर त्याच दिवशी किल्ली टेबलावर ठेवली असती मी. एस्टिल माझ्या लग्नात फिडल वाजवायला होता गं."

त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि आपल्या आईच्या नावाने, विल्मा म्हणून, निरोप दिला. मी सुधारलं नाही. काय सुधारणार?

ड्रीमा


२२ सप्टेंबर

ट्वायला,

बोर्डाचा निर्णय झाला. लेखी ताकीद, वर्षभर देखरेखीखाली काम, आणि चुका कळवण्याच्या नियमांचा तीस तासांचा वर्ग. परवाना राहिला. वकील म्हणाला, नशीब समजा. समजते. आता मी त्या बावन्न मैलांवरच्या दवाखान्यात साधी नर्स आहे. रोज जाताना गाडीत आपल्या गावचं कुणी ना कुणी असतं, कारण बस नाही. माझ्याशी बोलत नाहीत, पण बसतात. परवा ल्यूलाबाई उतरताना म्हणाल्या, "वळणावर हळू घे जरा." सहा महिन्यांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

एस्टिलला बुधवारी व्यायामाला तिथेच नेते. तीन शब्द येतात त्याला: ज्युएल, कॉफी आणि एक शिवी. शिवी अगदी स्पष्ट येते. ज्युएल त्याच्यावर खूश आहे.

आता मुद्द्याचं. त्या बारीक केसांच्या बाईंचं उत्तर आलंय. लिहितात, "देखरेखीचं वर्ष संपवून या, जागा ठेवते. तुमचा प्रकल्प तुम्हाला सापडलाय." मोठं मन आहे त्यांचं. मास्टर्सवाल्यांनीही जागा वर्षभर राखलीय, पण अट तीच, शिकवणारी मी शोधायची. म्हणजे फिरून तिथेच आले, मास्टर्स की डॉक्टरेट. फेब्रुवारीत हा प्रश्न विचारला तेव्हा मी उत्तर दुसऱ्याच कुठल्यातरी कारणासाठी शोधत होते.

चार वर्षं तुझ्या शहराकडे जाणं-येणं, तिथल्या हुशार माणसांत बसणं, शेवटी नावापुढे डॉक्टर लागणं, आणि इथल्या रिकाम्या खुर्च्यांपासून लांब. मोह होतो, नाही म्हणत नाही. पण संस्था म्हणते, कुणी प्रॅक्टिशनर मिळाली तर ते कुलूप उघडतील. दोन वर्षांत मिळाली तर. गाडीत मागे बसलेल्या चौघांची वयं मी मनात धरते, आणि चार वर्षं म्हणजे किती ते मला बरोबर कळतं. मास्टर्स करणार आहे. डॉक्टरेट मास्टर्सच्या वर नंतरही करता येते, बाईंनीच लिहिलंय. आधी मला समोरचा माणूस बघायला शिकायचंय. तो मी नीट बघितला नव्हता.

अडचण शिकवणारीची आहे. आपल्या आणि बाजूच्या दोन जिल्ह्यांत मी अकरा जणींना विचारलं. ओपलबाईंना पकडून देणारी, आणि वर बोर्डाची ताकीद असलेली. सगळ्यांनी गोड शब्दांत दार लावलं. एकीने खरं सांगितलं, "तू माझ्याकडे काय बघशील आणि कुणाला सांगशील, नेम नाही." आणि दुसरी म्हणाली, "तू काय लपवशील, नेम नाही." दोघीही बरोबर आहेत.

तुझ्या हाताखाली घे म्हणणार नाही, नात्यातलं माणूस नियमात बसत नाही. चांगला नियम आहे, आठवड्याभरात आपण एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण तुझ्या ओळखीत कुणी कडक बाई असेल तर तिला विचारशील का? महिन्यातून दहा दिवस मी तिकडे येऊन राहीन. तुझ्याकडे राहू दिलंस तर तुझ्याकडे, नाहीतर ते मोटेल बरं आहे, फक्त गादी बसकी आहे.

आणि विचारण्याआधी तिला माझं सगळं सांग. मी आईच्या बाटल्या वाचल्या ते, फोन केले ते, आणि त्या शुक्रवारी बघितलं नाही ते. मी सांगायला गेले तर कुठेतरी मऊ करून सांगेन, माझा स्वभाव मला कळलाय. तुला सरळ सांगता येतं. सगळं सांगून झालं की मग विचार, हिला घेशील का.

तुझी बहीण,
ड्रीमा